क्यूएस ५ स्टार म्हणजे रँक नाही, हे आम्हाला चार हजार पौंडांना कळलं

मोठं लिहिणार आहे, पण घरात कोणी यूकेला मास्टर्सचं बघत असेल तर वाचाच. आम्हाला टोपी घातली त्या कन्सल्टन्सीच्या कागदावर एकही आकडा खोटा नव्हता, म्हणून तर भांडायलाही जागा उरली नाही.

मी साताऱ्याची, पुण्यात जॉबला. डेक्कनच्या एका ऑफिसात आप्पांना घेऊन गेले. "आमची फी झिरो काका, आम्हाला युनिव्हर्सिटी देते," मॅडम म्हणाल्या आणि आप्पांना बाई फारच भली वाटली. युनिव्हर्सिटी देते म्हणजे ॲडमिशनमागे कमिशन देते, म्हणजे ही तिकडची सेल्सवाली झाली ना, पण तेव्हा डोक्यातच आलं नाही. मी पहिल्यांदाच सांगितलं होतं की मला राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीला अर्ज करायचाय आणि त्याला क्यूएस रँकिंग, म्हणजे क्यूएस नावाच्या कंपनीच्या जगभरच्या विद्यापीठांच्या यादीतला नंबर, बघतात. त्यावर त्यांनी एक लॅमिनेट केलेला कागद पुढे सरकवला आणि मार्करने तीन गोल केले. क्यूएस ५ स्टार. यूकेत २८ वा. जगातल्या टॉप ५ टक्क्यांत. "क्यूएस आहे की बेटा, रसेल ग्रुपच्या तोडीची आहे, वर लंडन कॅम्पस." आठ दिवसांत ऑफर लेटर. आप्पा पेढे घेऊन गेले, सगळ्यांचे फोटो झाले. मग सीट्स संपतायत सीट्स संपतायत करून चार हजार पौंड डिपॉझिट भरायला लावलं, सव्वाचार लाखाच्या आसपास, आप्पांच्या पीएफमधून.

स्कॉलरशिपचा फॉर्म भरायला बसले तेव्हा रँक टाकायला म्हणून क्यूएसच्या साईटवर गेले तर नाव ८०१-८५० मध्ये. मला वाटलं मीच चुकीचं बघतेय. मॅडमना फोन केला तर म्हणे "ते ओव्हरऑल आहे बेटा, आपलं ५ स्टार आहे." मग शोधलं. क्यूएस स्टार्स हा वेगळाच प्रकार आहे, विद्यापीठ स्वतः पैसे भरून तपासणी करून घेतं आणि मग स्टार मिळतात, जागतिक यादीतल्या नंबरशी त्याचा काही संबंध नाही.

२८ वा नंबर यूकेतल्या एका पेपरच्या विद्यापीठ-क्रमवारीच्या टेबलातला निघाला, तोही एकाच विषयाचा, आणि तोही फक्त विद्यार्थी किती खूश आहेत त्या एका कॉलमचा! तिकडची टेबलं आणि क्यूएस यांचं गणितच वेगळं आहे. स्कॉटलंडचं सेंट अँड्र्यूज विद्यापीठ तिकडच्या 'गार्डियन' पेपरच्या यादीत पहिलं आलेलं आहे पण क्यूएसमध्ये शंभरच्या आसपास असतं, एलएसई (लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स) तिकडे पहिल्या पाचात आणि क्यूएसमध्ये पन्नाशीच्या आगेमागे. कारण तिकडे विद्यार्थ्यांचं समाधान, प्रवेशाचे मार्क वगैरे मोजतात, आणि क्यूएस जगभरच्या प्राध्यापकांना आणि कंपन्यांना विचारतं की तुमच्या मते चांगलं कोण, नुसत्या या नावलौकिकाला ४५ टक्के वजन. म्हणजे चांगल्या विद्यापीठाचेही दोन नंबर असतात, आणि एजंटला जो सोयीचा तो तुमच्यासमोर येतो.

टॉप ५ टक्के कसं काढलं असेल? जगात वीसेक हजार विद्यापीठं आहेत असं धरायचं आणि त्यात आठशेवं. क्यूएसच्या यादीत मुळात दीड हजारच्या आसपास आहेत हे सांगायचंच नाही. २०१७ मध्ये तिकडच्या जाहिरात नियामकाने सहा विद्यापीठांना असल्या दाव्यांवरून झापलं होतं, त्यात टॉप १ टक्कावालेपण होते. पण डेक्कनच्या लॅमिनेशनला कोण झापणार? आणि रसेल ग्रुप, ती रँकिंगच नाहीये, १९९४ मध्ये एकत्र आलेल्या मोठ्या संशोधन विद्यापीठांची संघटना आहे, सध्या २४ मेंबर, यादी त्यांच्या साईटवर. तोडीचं बिडीचं काही नसतं, यादीत असतं किंवा नसतं.

लंडन कॅम्पसचं तर विचारूच नका. मूळ विद्यापीठ उत्तर इंग्लंडमध्ये, लंडनची शाखा एका खाजगी कंपनीसोबत चालवतात. मैत्रिणीचा भाऊ तिकडे असतो, त्याने जाऊन व्हिडिओ पाठवला. काचेची बिल्डिंग, खाली जिम, रिसेप्शनच्या बोर्डवर दहाबारा कंपन्यांची नावं आणि त्यात मध्येच ही युनिव्हर्सिटी, चौथा आणि पाचवा मजला. लायब्ररी कुठेय विचारलं तर ऑनलाइन आहे म्हणाले.

मी गेले नाही. डिपॉझिट व्हिसा नाकारला तरच परत, हे ऑफर लेटरच्या नवव्या पानावर होतं आणि मी पहिलंच पान फ्रेम करायला निघालेले. कन्सल्टन्सी म्हणते पैसे युनिव्हर्सिटीकडे गेले, युनिव्हर्सिटी म्हणते नियम वाचा. आप्पा एका शब्दाने बोलले नाहीत, त्याचंच जास्त वाटतं.

परवा मॅडमच्या व्हॉट्सॲप स्टेटसला नवी जाहिरात होती, जानेवारी इनटेक, ५ स्टार, लंडन. खाली फोटो आहे. त्यात आप्पा आहेत, हातात पेढ्यांचा बॉक्स.