स्पिंडलसाठी कटर घेताना: झाळलेली टिप, इन्सर्टचं हेड की एचएसएसची (हाय-स्पीड स्टीलची) पाती?

स्पिंडल म्हणजे उभ्या दांड्यावर कटर फिरवून लाकडाला आकार देणारं मशीन. त्यासाठी पॅनेलच्या दरवाजांच्या कटरांचा सेट घ्यायला गेलं की दुकानात पहिली चर्चा किमतीची होते. खरं तर आधी हे विचारायला हवं: बोथट झाल्यावर हा कटर कोण घासणार, आणि घासून आल्यावर सांधा बसणार का?

झाळलेल्या टिपचा कटर सगळ्यांच्या ओळखीचा. स्टीलच्या अंगावर कार्बाइडची (फार कठीण पण ठिसूळ पदार्थाची) टिप झाळून बसवलेली. सुरुवातीचा खर्च कमी, अंग एकसंध, सेटिंगची कटकट नाही. त्याची धार समोरच्या तोंडावर घासतात आणि अडचण तिथेच सुरू होते. एका घासणीत तोंडावरून 0.2 मिमी गेलं आणि धारेमागचा पाठीचा उतार 15 अंश असला, तर व्यास साधारण 0.1 मिमीने उतरतो. एवढं फेन्स (लाकूड टेकवायची मशीनवरची पट्टी) सरकवून सांभाळता येतं. पण बाजूलाही उतार असतोच. तो 3 अंश धरला तर पाच घासण्यांनंतर उभ्या पट्टीतली खाच जवळपास 0.1 मिमी अरुंद होते आणि तिच्यात बसणारी आडव्या पट्टीची जीभ तेवढीच जाड. म्हणजे नवा असताना हाताने बसणारा सांधा आता हातोडीने ठोकावा लागतो, आणि ठोकलं की उभ्या पट्टीच्या टोकाला चीर जाते. जीभ दोन कटरांच्या मधल्या फटीतून येते, म्हणून तिथला 0.1 मिमीचा शिम (पातळ चकती) काढला की ती जाग्यावर येते. अखंड खाच-कटरला मात्र हा इलाज नाही. म्हणून जोडीतला एकच कटर कधी घासायला देऊ नका. उभ्याचा आणि आडव्याचा पूर्ण सेट एकदमच द्या.

दुसरं, घासणार कोण? बेळगावात उद्यमबागेत मशीनशॉप भरपूर आहेत, पण लेथच्या टूलला धार लावणं वेगळं आणि लाकडाच्या प्रोफाइल कटरला धार लावणं वेगळं. कार्बाइडला डायमंड चाक लागतं. साध्या पांढऱ्या चाकावर घासलं तर टिप तापते, डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा पडतात आणि सागाच्या पहिल्याच गाठीवर कोपरा उडतो. घासणारा टिपांचं तोंड एकसारखं उतरवतो का, हे कटर देण्याआधी विचारून घ्या.

इन्सर्टच्या, म्हणजे स्क्रूने बसणाऱ्या सुट्या पात्यांच्या, हेडमध्ये हा सगळा हिशेबच उरत नाही. पाती बदलली की व्यास आणि प्रोफाइल पहिल्या दिवसाचंच. हेड महाग, पण रोज दरवाजे करणाऱ्याला तेच परवडतं. सरळ खाचेसाठी चार धारांच्या चौकोनी पात्या येतात. एक बाजू बोथट झाली की फिरवायची. प्रोफाइलच्या पात्या सहसा फिरवता येत नाहीत, त्यामुळे एक जोड हाताशी ठेवावाच लागतो. हेडखरेदीच्या आधीच त्याच प्रोफाइलच्या पात्या पुढेही मिळतील याची खात्री करा. पाती मिळत नसेल तर महागडं हेड म्हणजे शोभेचं वजन.

इन्सर्ट बसवताना चूक होते ती घाईत. मशीनचा प्लग काढा, जुनी पाती काढून बैठक ब्रशने आणि थिनरने पुसा. ओल्या मत्तीचा किंवा सागाचा चिकट भुसा कागदाएवढा जरी खाली राहिला, तरी पाती वर उचलली जाते आणि लाकडावर रेघ उमटते. शिवाय पातीखाली पोकळी राहिल्याने स्क्रू आवळताना ती तडकू शकते. सोबत आलेल्या चावीनेच आवळा, चावीला पाइप लावून लांबी वाढवू नका. डोकं झिजलेला स्क्रू टाकून द्या. पाती बदलायची तर सगळ्याच बदला, नाहीतर नवी पाती एकटीच कापते. कशीही बसवली तरी लाकडाच्या पृष्ठभागावर एकच पाती शेवटचा हात मारते: 6,000 फेऱ्यांवर मिनिटाला 6 मीटर लाकूड ढकललं तर दर 1 मिमीला एक लाट. ती नको असेल तर फीड कमी करा.

एचएसएसची हव्या त्या आकारात घासून घेतलेली पाती अजून बाद झालेली नाही. बेळगावच्या कॅम्पातल्या जुन्या बंगल्याच्या चौकटीसारखी दहा फुटांची पट्टी जुळवायची असेल, तर त्यासाठी कार्बाइडचं प्रोफाइल करून घेण्यात अर्थ नाही. पण सागात वाळूसारखा सिलिका असतो, एमडीएफमध्ये डिंक. दोन्ही एचएसएसची धार पटकन खातात. पाती हेडमध्ये तिरकी बसते, त्यामुळे लाकडाच्या नमुन्याची हुबेहूब नक्कल केली तर पट्टीवर उंची कमी येते. पातीवरची खोली थोडी जास्त ठेवावी लागते. दोन्ही पात्या एकाच वजनाच्या असाव्यात, सोनाराच्या काट्यावर तोलून घ्या. पाठीला दाते असलेली पाती घ्या. दोन कॉलरमध्ये नुसती चिमटून धरायची जुनी सपाट पाती कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. ती निसटली तर शेडच्या दुसऱ्या टोकाला सापडते.

हाताने लाकूड ढकलणार असाल तर कोणत्याही प्रकारात ‘मॅन’ (MAN) छापलेला कटर घ्या. त्यात पातीच्या पुढचा भाग भरलेला असतो, पाती त्याबाहेर जेमतेम 1.1 मिमी डोकावते, म्हणून झटका कमी बसतो. ‘मेक’ (MEC) छाप फक्त पॉवर फीडरसाठी (लाकूड आपोआप ढकलणाऱ्या यंत्रासाठी). कटरवर लिहिलेल्या कमाल फेऱ्या पाहा: 125 मिमीचा कटर 6,000 वर सेकंदाला 39 मीटर धावतो, म्हणजे हातकामासाठी थोडा संथच. 160 मिमीचा 9,000 वर 75 वर जातो, जे जास्त आहे. 40 ते 70 च्या मध्ये राहा.

पाडलेल्या घराच्या तुळया आणून ‘यातूनच दरवाजा करा’ म्हणणारी गिऱ्हाइकं खानापूरकडे भरपूर. असं लाकूड आधी लोहचुंबक फिरवून तपासा. तरीही एखादा तुटका खिळा आतच राहतो. झाळलेल्या कटरची टिप उडाली तर नवी झाळून, सगळ्या टिपा पुन्हा सारख्या करून घेईपर्यंत काम अडतं. इन्सर्टमध्ये पात्यांचा जोड बदलला की त्याच दुपारी मशीन सुरू. असं लाकूड महिन्यातून एकदा जरी येत असेल, तर इन्सर्टचं हेड घ्या आणि सुटा जोड मशीनजवळच ठेवा.