खोबरेल, तीळ की एरंडेल? आधी पाटी आणा

सांगलीच्या विश्रामबागेत आमच्या गल्लीच्या टोकाला लाकडी घाणा आहे. दिवाळीनंतरच्या एका रविवारी भाचीला घेऊन तिथं गेले. तिचं लग्न फेब्रुवारीत, आणि फणीत येणारे केस बघून घरात रोज रडारड. समोर तोट्या लावलेल्या स्टीलच्या टाक्या: शेंगदाणा, करडई, तीळ, खोबरं. वरच्या फळीवर एरंडेलाच्या बाटल्या. तिनं फोनवरचा कुणाचातरी लांबसडक केसांचा व्हिडिओ थांबवला आणि विचारलं, "काका, यातल्या कशानं केस वाढतात?" घाणेवाले पोत्यात पेंड भरत होते. मान वर न करता म्हणाले, "कशानंच नाही, ताई. गुंता कमी होतो, तुटायचे थांबतात. तेवढं हवं असेल तर न्या."

तेल विकायला बसलेला माणूस असं बोलतो, म्हणून तर मी त्यांच्याकडनंच घेते. आणि ते म्हणाले ते खरं आहे. डोक्यावर दिसतो तो केस नखासारखाच, निर्जीव. जिवंत भाग कातडीच्या आत, मुळाशी. केस महिन्याला साधारण 1 सेंटिमीटर वाढतो, आणि वरनं काही चोपडलं म्हणून तो धावत सुटत नाही. तेलाचा उपयोग बाहेर आलेला केस सांभाळायला. म्हणून कुठलं तेल घ्यायचं ते ठरवायच्या आधी आपला केस गळतोय की तुटतोय, हे बघून घ्यावं. आपण दोन्हीला "केस जातात" म्हणतो आणि तिथंच घोळ होतो.

हे बघायला घरी मुलाची जुनी पाटी काढली. फणीतले वीस केस काळ्या पाटीवर एकेक करून आडवे मांडले. मुळापासून सुटलेल्या केसाच्या एका टोकाला खसखशीहूनही बारीक पांढरा ठिपका असतो. काळ्या पाटीवर तो चटकन दिसतो. तुटलेल्या केसाला ठिपका नसतो, आणि तो बहुतेक आखूड असतो. भाचीच्या वीसपैकी चौदा केस ठिपकेवाले निघाले. माझं उलटं: पाच ठिपकेवाले, पंधरा तुटके. मी केस रंगवते आणि बोअरच्या जड, क्षारांच्या पाण्यानं न्हाते, त्याची ही पावती.

म्हणजे भाचीच्या डोक्यावर तेलाचं काम वीसातल्या सहा केसांपुरतं. बाकीच्या चौदांचं कारण आत होतं. दिवसाला 50 ते 100 केस गळणं नेहमीचंच असतं. त्याहून जास्त गळत असतील तर दोन-तीन महिने मागं जाऊन आठवा: मोठा ताप, बाळंतपण, ऑपरेशन, उपासमार. शरीराला धक्का बसतो तेव्हा केस लगेच जात नाहीत, दोन-तीन महिन्यांनी जातात, म्हणून दोन्हींचा संबंध कुणी जोडत नाही. हिला ऑगस्टमध्ये डेंगी झाला होता, आणि वर लग्नाच्या ब्लाउजसाठी रात्रीची भाकरी बंद. मिरजेच्या डॉक्टरांनी हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे अंगातला लोहाचा साठा), थायरॉइड तपासायला सांगितलं. लोह कमी निघालं. ते काही घाण्यावर मिळत नाही.

आता तेलांकडं येऊ. केस तुटत असतील, राठ झाले असतील, गुंता होत असेल, तर पुढचं सगळं तुमच्या कामाचं.

खोबरेल

एकच तेल घ्यायचं असेल तर मी खोबरेल म्हणेन, आणि हे आजीनं सांगितलं म्हणून नव्हे. केस भिजला की फुगतो, सुकला की आकसतो. दर न्हाण्याला असं झालं की वरचे खवले उचकटतात आणि आतलं प्रोटीन थोडंथोडं वाहून जातं. खोबरेलात जवळपास निम्मं लॉरिक आम्ल असतं. त्याचा रेणू लहान आणि सरळ, त्यामुळं तो केसाच्या आत शिरतो आणि केस पाणी कमी पितो. 2003 साली खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि मिनरल ऑइल (खनिज तेलापासून काढलेलं) यांची तुलना प्रसिद्ध झाली. प्रोटीनची झीज ठळकपणे कमी झाली ती एकट्या खोबरेलानं. आता गंमत अशी की हा अभ्यास मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या संशोधकांचा, आणि ती कंपनी खोबरेल विकते. हे ध्यानात ठेवूनच वाचावं. पण त्यामागचं रसायन पटण्यासारखं आहे, आणि माझा स्वतःचा अनुभवही तोच.

यात एक बारकावा बहुतेकजण चुकवतात. खोबरेलाचा हा फायदा न्हाण्याआधी लावलं तर जास्त. न्हाऊन, केस वाळवून, मग तेल थापून वेणी घालणारे पाण्याचा मार खाऊन झाल्यावर छत्री उघडतात.

खोट काय? 24 अंशांच्या खाली ते थिजतं. आपल्याकडं डिसेंबर-जानेवारीत सकाळी बाटलीत दगड होतो, मग ती गरम पाण्याच्या तांब्यात उभी करा, तोवर ऑफिसची वेळ. आणि पातळ, सरळ केसांवर जरा जास्त झालं तर ते चपटे, चिकट दिसतात.

दुकानातलं की घाण्याचं, हा वाद मी फार ताणत नाही. घाण्याच्या तेलाला वास खरा असतो, पण केसात शिरणारं लॉरिक आम्ल दोन्हींत तेवढंच. बाटली घ्याल तेव्हा मात्र लेबल बघा. "खाद्य तेल" म्हणून विकलं जाणारं खोबरेल म्हणजे नुसतं खोबरेल. "हेअर ऑइल" लिहिलं असेल तर ते सौंदर्यप्रसाधन झालं, त्यात आणखी काय काय आहे ते वाचावं लागतं. लहान बाटलीतलं खोबरेल खाद्य तेल की केसांचं तेल, यावर करखातं आणि कंपन्या वर्षानुवर्षं भांडत होत्या. शेवटी डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की बाटली लहान आहे एवढ्यावरून ते केसांचं तेल ठरत नाही.

तिळाचं तेल

"तेल" हा शब्दच मुळात तिळावरून आलेला, त्यामुळं मान याचा मोठा. नरक चतुर्दशीला पहाटे थंडीत अंगाला चोळायचं ते हेच, आणि त्यात शहाणपण आहे: हे आपल्या थंडीत थिजत नाही. तिळात सेसमॉलसारखी द्रव्यं असतात, म्हणून हे लवकर खवटही होत नाही. पण खोबरेलासारखं हे केसात शिरत नाही. यातली मुख्य आम्लं वाकड्या रेणूंची, त्यामुळं ते बहुतांशी केसावर थर धरतं. केस घसरते होतात, फणी अडकत नाही. जाड, कुरळ्या, पाठीवर रुळणाऱ्या केसांना मला हेच बरं वाटतं. हिवाळ्यात टाळू कोरडी पडून खाजते, तेव्हाही.

वास सगळ्यांना सोसत नाही. उशीच्या अभ्र्यावर पिवळे डाग पडतात ते वेगळेच.

किमतीचं सांगते. लाकडी घाण्यावर एक लिटर तिळाचं तेल काढायला सव्वादोन ते अडीच किलो तीळ लागतात. गणपती पेठेत तिळाचा भाव विचारा, गुणाकार करा. कुणी त्याच्याहून स्वस्तात "शुद्ध लाकडी घाण्याचं" म्हणून देत असेल तर हसून पुढं जावं. खोबऱ्याचा हिशेब सोपा, लिटरला दीड ते पावणेदोन किलो सुकं खोबरं. 2025 मध्ये खोबरं इतकं चढलं की बऱ्याच घरांनी याच कारणानं तीळ धरला, केसांच्या कारणानं नव्हे.

एरंडेल

व्हिडिओंमध्ये सगळ्यात जास्त बढाई याची. भुवया दाट होतात, टकलावर केस येतात, वगैरे. त्यात 85 टक्क्यांहून जास्त रिसिनोलेइक आम्ल असतं, म्हणून ते इतकं घट्ट. त्या घट्टपणामुळं केस जाड *दिसतो*, झालेला नसतो.

मी एकदा नुसतं एरंडेल डोक्यावर ओतून झोपले होते. सकाळी दोनदा शाम्पू लावून निघालं नाही. शेवटी बेसन चोळलं, आणि मग दोन दिवस केसांतून बेसनाच्या कण्या काढल्या. पण मी स्वस्तात सुटले. केसांच्या आजारांवरच्या एका नियतकालिकात 2017 साली वीस वर्षांच्या मुलीची नोंद आहे: एरंडेल लावून केस धुतले आणि सगळे केस एकमेकांत अडकून नमद्यासारखा घट्ट गोळा झाला. कात्रीशिवाय इलाज उरला नाही. असं क्वचित होतं, पण लांब केसांच्या बाईनं लग्नाच्या तोंडावर हा जुगार खेळू नये.

वापरायचंच तर चार चमचे खोबरेलात एक चमचा, आणि फक्त टोकांना. फाटे फुटलेली टोकं त्यानं दबून राहतात.

बदाम, आवळा आणि इतर सुगंधी बाटल्या

इथं थोडक्यात. बाटलीमागचं बारीक अक्षर वाचा. घटक जास्तीकडून कमीकडं लिहिलेले असतात. पुष्कळ "बदाम" आणि "आवळा" तेलांत पहिलं नाव मिनरल ऑइल किंवा लाइट लिक्विड पॅराफिनचं असतं, बदाम बिचारा शेवटच्या ओळीत. ते विष नाही. चमक येते, गुंता सुटतो, चिकटही कमी. फक्त चित्रातल्या बदामांचे पैसे देऊ नका.

माका

याच्यावर माझा जीव आहे, म्हणून जरा लांबवते. पाटाच्या कडेला, ओलीवर उगवतो. पांढरी बारीक फुलं, पानं चुरडली की रस बघता बघता काळा पडतो. बोटं दोन दिवस शाईत बुडवल्यासारखी. आयुर्वेदातलं माप असं: एक भाग वाटलेला कल्क, चार भाग तेल, सोळा भाग रस. पाव लिटर तेलाला लिटरभर रस हवा! मी पिशवीभर माका आणून वाटला तर जेमतेम दोन वाट्या निघाला. तेव्हा बाजारात "माक्याचं तेल" स्वस्त दिसलं की मला त्या दोन वाट्या आठवतात.

मंद आचेवर तास-दोन तास ढवळत बसायचं. शेवटी फेस येतो. मग तळाचा कल्क काडीवर घेऊन ज्योतीत धरायचा. तडतडला तर पाणी उरलंय, अजून आटवा. नाहीतर आठ दिवसांत तेलाला बुरशी आणि आंबूस वास. तडतड न करता जळला की उतरवायचं.

एवढं करून मिळतं काय? सुंदर हिरवट-काळं तेल आणि घरभर आजोळाचा वास. पांढरे केस त्यानं काळे होत नाहीत. रस काळा आहे म्हणून केस काळा होईल ही आपली आशा. केस वाढल्याचे जे प्रयोग सांगितले जातात ते उंदरांवरचे. मी करते ते हौसेनं. तुम्हाला नुसता निकाल हवा असेल तर साध्या खोबरेलानं काम भागेल.

रोजमेरी

भाचीच्या व्हिडिओतलं तेल हेच. याला एक खरा आधार आहे: 2015 साली प्रसिद्ध झालेली 100 रुग्णांवरची चाचणी. अर्ध्यांना रोजमेरी, अर्ध्यांना 2 टक्के मिनोक्सिडिल, म्हणजे टक्कलावर डोक्याला लावायचं औषध. तीन महिन्यांत दोन्हीकडं काही फरक नाही, सहा महिन्यांनी दोन्ही गटांत केसांची संख्या थोडी वाढलेली. काहीच औषध न दिलेला तिसरा गट नव्हता, त्यामुळं फार उड्या मारू नयेत. शिवाय ते रुग्ण अनुवांशिक टक्कल पडणारे होते. डेंगीनंतरचं गळणं वेगळं, ते बहुधा काही महिन्यांत आपोआप थांबतं. आणि हा रोजमेरीच्या झुडपाचा तीव्र अर्क आहे, खोबरेलासारखं थापायचं तेल नव्हे. चमचाभर खोबरेलात दोन-तीन थेंब, नुसता लावला तर टाळू भाजल्यासारखी होते.

कोंडा असेल तर

मग वरचं सगळं बाजूला. कोंड्यामागं मॅलॅसेझिया नावाची बुरशी असते आणि तिला स्वतःला चरबी बनवता येत नाही; ती आपल्या टाळूवरच्या तेलावर जगते. "कोंडा झालाय, तेल कमी पडतंय" म्हणून रात्रभर थापणं म्हणजे तिला जेवायला वाढणं. आधी कोंड्याचा शाम्पू, तेल फक्त केसांच्या लांबीला, टाळूला नाही.

लावायची पद्धत सगळ्या तेलांना सारखीच: न्हाण्याआधी तासभर, कमरेपर्यंतच्या केसांना दोन चमचे पुरे, नखं न लावता, मोठ्या दातांच्या फणीनं टोकांकडून वर. ओल्या टाळूवर तेल नको, पावसाळ्यात तर नकोच. आणि बोअरचं पाणी बादलीवर पांढरा थर धरत असेल तर निदान शेवटचे दोन तांबे नळाच्या पाण्याचे घ्या. माझ्या पंधरा तुटक्या केसांना कुठल्याही तेलापेक्षा याचाच जास्त फायदा झाला. नळाला पाणी सकाळी येतं तेव्हा एक कळशी बाजूला भरून ठेवते, एवढंच.

भाचीनं शेवटी पाव लिटर खोबरेल घेतलं, मी अर्धा लिटर तिळाचं. रात्रीची भाकरी पुन्हा सुरू झाली आहे. ब्लाउजला शिंप्यानं दोन बोटं सोडून दिली. रोजमेरी तिनं तरीही मागवली, ती बाटली अजून न फोडता कपाटात आहे. पाटी मात्र मागून घेऊन गेली.