परेड, प्रोसेशन की मार्च: इंग्रजीत मिरवणुकीला काय म्हणावं?

इंग्रजीत बातमी, निमंत्रण किंवा कार्यक्रमपत्रिका लिहायला बसलं की 'मिरवणूक' या शब्दापाशी हमखास गाडी अडते. शब्दकोशात परेड, प्रोसेशन, मार्च, रॅली, कॅव्हलकेड, कॉर्टेज अशी रांगच उभी असते. बहुतेक जण त्यातला ओळखीचा म्हणून परेड उचलतात. कधी तो चपखल बसतो, कधी अंत्ययात्रेलाही जत्रेची कळा आणतो.

निवडताना मी एकच प्रश्न विचारतो: हे सगळं कोणासाठी चाललंय? बघणाऱ्यांसाठी असेल तर परेड. विधीसाठी किंवा मानपानासाठी असेल तर प्रोसेशन. काही मागायचं, ठणकावून सांगायचं असेल तर मार्च.

परेडचं मूळ या उत्तराला धरूनच आहे. लॅटिन 'पारारे' म्हणजे तयार करणं. 'प्रिपेअर' त्याच घराण्यातला. पुढे इटालियनमध्ये याच क्रियापदाला 'अडवणं' असाही अर्थ आला. ऊन अडवते ती पॅरासोल, पडणं अडवतं ते पॅराशूट. स्पॅनिशमध्ये ते 'थांबवणं' झालं आणि 'पारादा' हा शब्द घोडा लगाम खेचून थांबवण्यालाही वापरात आला. फ्रेंचमध्ये दिमाख, प्रदर्शन हा अर्थ पक्का झाला आणि तिथून १७व्या शतकात शब्द इंग्रजीत शिरला. म्हणजे परेडच्या रक्तात चालणं नाहीच. आहे ती तयारी, थांबणं आणि दाखवणं. लष्करात हे अजून दिसतं. अमेरिकी सैन्यात 'परेड रेस्ट' असा हुकूम सुटला की सैनिक डावा पाय सुमारे १० इंच बाजूला घेतो, हात पाठीमागे बांधतो आणि तसाच ताठ उभा राहतो. पाऊल पुढे पडत नाही, तरी ती परेडच. ब्रिटनमध्ये तर समुद्रकाठच्या फिरायच्या रस्त्यांना आणि दुकानांच्या ओळीलाही परेड म्हणतात.

क्रियापद म्हणून हा शब्द जपून वापरावा. ज्ञान 'परेड' करणं म्हणजे ज्ञान मिरवणं, इथवर मराठीशी छान जुळतं. पण माणसांना रस्त्यातून 'परेड' केलं, असं इंग्रजीत लिहिलं की त्याचा अर्थ बहुधा धिंड काढली असा होतो. सत्कारमूर्तींना गावातून 'परेड' करण्याआधी दोनदा विचार करा.

प्रोसेशन वयानं बराच मोठा. लॅटिन 'प्रोसेदेरे', म्हणजे पुढे जाणं. चर्चच्या विधींमधून तो १२व्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत आला आणि ते गांभीर्य त्याला अजून चिकटून आहे. राज्याभिषेक, लग्न, पदवीदान, अंत्ययात्रा इथे तोच शोभतो. पुढे कोण, मागे कोण, हा क्रम त्यात महत्त्वाचा. रस्त्याच्या कडेला चिटपाखरू नसलं तरी प्रोसेशनचं काही अडत नाही. ब्रिटिश इंग्रजीत कार्निव्हललाही सर्रास प्रोसेशन म्हणतात, त्यामुळे गोंधळ असेल तिथे हा शब्द घेतला तर सहसा फसगत होत नाही. थोडा सोवळा वाटेल, इतकंच.

मार्च हा फ्रेंच 'मार्शे'वरून, आणि त्याचा जुना अर्थ तुडवणं. महिन्याच्या नावाशी त्याचा संबंध नाही. ते मार्स या रोमन देवावरून आलंय. २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनमध्ये सुमारे अडीच लाख लोक जमले, त्या आंदोलनाच्या नावात 'मार्च ऑन वॉशिंग्टन' असं होतं. त्यातल्या 'ऑन'मध्येच चाल करून जाण्याचा आवेश आहे. परेडला तो जोडता येत नाही.

हे शब्द प्रत्यक्षात कसे निवडले जातात ते पाहायचं तर स्त्रियांच्या मताधिकाराची चळवळ घ्या. फेब्रुवारी १९०७ मध्ये लंडनच्या पावसात हजारो स्त्रिया चालल्या. आयोजकांनी ठेवलेलं नाव होतं 'युनायटेड प्रोसेशन ऑफ विमेन', पण चिखलात माखलेल्या झग्यांमुळे इतिहासात ती 'मड मार्च' म्हणूनच राहिली. ३ मार्च १९१३ रोजी, अमेरिकेचे नवे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांच्या शपथविधीच्या आदल्या दिवशी, वॉशिंग्टनमध्ये निघालेल्या मिरवणुकीच्या अधिकृत पत्रिकेवरही 'वुमन सफ्रेज प्रोसेशन' असंच छापलं होतं. पांढऱ्या घोड्यावर आघाडीला चळवळीतल्या कार्यकर्त्या इनेझ मिलहॉलंड होत्या. आजही त्या मिरवणुकीला कोणी परेड म्हणतं, कोणी प्रोसेशन. आयोजकांनी प्रोसेशन निवडलं यात मला हिशेब दिसतो: ज्यांना 'बायकांचा तमाशा' म्हणून हिणवलं जाणार होतं, त्यांनी भारदस्त शब्द आधीच अडवून ठेवला.

समलैंगिकांच्या हक्कांच्या चळवळीत याच शब्दांवरून आजही खटके उडतात. न्यूयॉर्कमध्ये जून १९७० मध्ये निघाला तो मार्च होता, आणि तिथले आयोजक आजही 'प्राइड मार्च' हेच नाव धरून आहेत. सॅन फ्रान्सिस्कोत मात्र 'प्राइड परेड' म्हणतात. मार्च म्हटलं की मागणी शिल्लक आहे असं ऐकू येतं, परेड म्हटलं की सण.

बाकीचे शब्द झटपट. कॉर्टेज मुळात दरबारी लवाजमा, आता जवळजवळ फक्त अंत्ययात्रा. कॅव्हलकेडमध्ये घोडा दडलाय, म्हणजे मुळात ती घोडेस्वारांची मिरवणूक. त्याचं 'केड' हे शेपूट तोडून अमेरिकेत मोटारकेड बनवला, तो मान्यवरांच्या गाड्यांच्या ताफ्यासाठी. रॅलीला सांभाळा: मूळ अर्थ पांगलेल्यांनी पुन्हा एकत्र येणं, त्यामुळे आपण फिरत्या मिरवणुकीला रॅली म्हणत असलो तरी ब्रिटिश-अमेरिकी वाचक बहुधा एका जागची सभा समजेल.

परवानगीचा अर्ज असेल तर मात्र हा सगळा विचार बाजूला ठेवून कार्यालयाच्या छापील नमुन्यातला शब्दच लिहा. अमेरिकेतल्या बर्मिंगहॅम शहराच्या नियमात 'परेड, प्रोसेशन किंवा अन्य सार्वजनिक निदर्शन' असं सगळं एकाच दावणीला बांधलं होतं. एप्रिल १९६३ मध्ये नागरी हक्कांसाठी मार्च काढणाऱ्या फ्रेड शटल्सवर्थ यांच्यावर तिथे गुन्हा लागला तो विनापरवाना परेड केल्याचा. सर्वोच्च न्यायालयात ती शिक्षा रद्द व्हायला १९६९ उजाडलं.