ई-नाम: दहा कट्टे सोयाबीनवाल्याला किती उपयोगाचं?

14 एप्रिल 2016 ला सुरू झालेला ई-नाम हा केंद्र सरकारचा ऑनलाइन शेतमाल बाजार. तुमच्या बाजार समितीत उतरलेल्या मालावर बाहेरगावचा परवानाधारक व्यापारीही बोली लावू शकतो, ही त्यामागची कल्पना. शेतकऱ्याला नोंदणी मोफत, ॲप मराठीत. सोयाबीनपुरतं बोलायचं तर पाचपैकी तीन गुण. उरलेले दोन कुठे जातात ते पुढे.

गेटवर नाव, मोबाइल, बँक खातं आणि अंदाजे वजन नोंदवलं की लॉट नंबर मिळतो. ॲपवरून आगाऊ नोंद केली तर हंगामातल्या गर्दीत बराच वेळ वाचतो. त्यानंतर नमुना, तपासणी, बोली, वजन आणि शेवटी पैसे. बोली चालू असताना भाव मोबाइलवर दिसतो आणि पटला नाही तर सौदा नाकारता येतो. रुमालाखाली बोटं दाबून ठरणाऱ्या भावापेक्षा हे कितीतरी बरं, आणि आमच्या मते या सेवेचा खरा फायदा एवढाच आहे.

घोडं अडतं ते तपासणीवर. दूरचा व्यापारी माल हातात घेऊन बघू शकत नाही, त्यामुळे त्याचा भरवसा फक्त अहवालावर. आवक वाढली की यंत्र आणि माणसं दोन्ही कमी पडतात, तपासणी उरकली जाते आणि बाहेरचा खरेदीदार बोलीच लावत नाही. मग बोली लावणारे तेच, रोजचे. म्हणूनच ई-नामवरचे बहुतेक व्यवहार अजूनही त्याच समितीच्या आवारात होतात. नमुना काढताना स्वतः उभं राहा. तो वरच्या दोन कट्ट्यांतून नको, सगळ्या थप्पीतून निघायला हवा.

ओलाव्याचा हिशोब घरूनच करून निघावा. हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनला साधारणपणे 12 टक्के ओलावा आणि 2 टक्के काडीकचरा चालतो. 16 टक्क्यांचा एक क्विंटल माल 12 वर आणला तर साडेपंच्याण्णव किलो भरतो, म्हणजे तूट साडेचार किलो. वाळलेल्या मालाचा भाव 4,500 धरला तर ही तूट सुमारे 205 रुपयांची. ओल्या मालाला 4,300 पेक्षा बरीच कमी बोली येत असेल तर दोन उन्हं देऊन आणणं परवडतं. फरक शे-दीडशेचा असेल तर नाही. चाळणी मात्र मारायचीच. माती-कचऱ्यापोटी होणारी वजावट, म्हणजे कटती, अनेकदा कचऱ्याच्या वजनापेक्षा जास्त बसते.

आता मुख्य अडचण. दहा कट्ट्यांसाठी परजिल्ह्यातला खरेदीदार गाडी पाठवणार नाही. त्याला ट्रकभर, निदान 100 क्विंटल, एकसारखा माल लागतो. एकरी सात क्विंटल धरले तर ही झाली चौदा-पंधरा एकरांची रास. दोन-दोन एकरवाले सात-आठ जण शेतकरी उत्पादक कंपनीतून एकत्र आले तरच ती जमते. कंपन्यांना स्वतःच्या संकलन केंद्रावरूनच लॉट चढवायची सोय ई-नामवर आहे, त्यामुळे माल समितीत उतरवायची हमालीही वाचते. अट एकच: प्रत्येकाचा माल आधी वेगळा मोजायचा, ओलावा वेगळा लिहायचा आणि मगच रास करायची. एकाचा 17 टक्के ओला माल मिसळला की अख्ख्या लॉटचा भाव पडतो आणि वाटणीच्या वेळी भांडण ठरलेलं.

पैसे खात्यात जमा होतात, पण ज्याने आडत्याकडून खतासाठी उचल घेतली आहे त्याच्या हाती मोबाइल असून काय उपयोग? तो माल त्याच आडत्याच्या दारात जाणार. यावर ई-नामकडे उत्तर नाही.

पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाचा कागद, हातात आल्यावर तीन गोष्टी बघा: बोलीचा भाव आणि पट्टीवरचा भाव एकच आहे का, कटती तपासणी अहवालाला धरून आहे का, आणि हमाली-तोलाई समितीच्या फलकावरच्या दरानेच लावली आहे का. राज्यात 2016 पासून आडत, म्हणजे आडत्याचं कमिशन, खरेदीदाराकडून घ्यायची आहे. ती तुमच्या पट्टीत दिसली तर सही करण्याआधी समितीच्या सचिवांकडे जा.