फॅबफिल्टर प्रो-क्यू ३: आपल्या बैठकीच्या मिक्सला कितपत उपयोगी?

ॲमस्टरडॅमच्या फॅबफिल्टर कंपनीचा प्रो-क्यू ३ हा इक्वलायझर (ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरला जोडायचे प्लग-इन, जे आवाजातल्या निरनिराळ्या कंपनसंख्यांचे प्रमाण कमी-जास्त करते) २०१८ साली बाजारात आला आणि २०२४ च्या डिसेंबरात त्याची चौथी आवृत्तीही निघाली. माझ्याकडे मात्र अजून तिसरीच आहे, आणि ख्याल, अभंग व नाट्यपदे यांची जी छोटी ध्वनिमुद्रणे मी घरच्या खोलीत करतो, त्यांपैकी बहुतेकांचे मिक्सिंग तिच्यावरच होते. गायक, संवादिनी, तबला आणि तंबोरा एवढाच हा संसार असतो. ड्रम, बेस आणि गिटार यांच्या थरांसाठी या प्लग-इनचे जे कौतुक होते ते इथे कितपत टिकते, एवढाच या परीक्षणाचा विषय आहे.

सर्वाधिक उपयोग मला त्याच्या एका किरकोळ वाटणाऱ्या सोयीचा झाला. पडद्याच्या तळाशी हर्ट्झच्या आकड्यांऐवजी पियानोची पट्टी दाखवता येते आणि बँडचा, म्हणजे उठाव किंवा काटछाट करायच्या एका पट्ट्याचा, बिंदू थेट एखाद्या स्वरावर बसवता येतो. ज्याला ‘काळी एक’ म्हटल्यावर पट्टी डोळ्यांसमोर उभी राहते, त्याला ही भाषा आकड्यांपेक्षा जवळची वाटेल. काळी एकमध्ये (म्हणजे सी शार्पमध्ये) गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज सुमारे १३८.६ हर्ट्झवर, मंद्र (खालच्या सप्तकातला) पंचम १०३.८ वर आणि मंद्र षड्ज ६९.३ वर येतो. आवाजावर १०० हर्ट्झचा हाय-पास फिल्टर (त्याखालचा आवाज गाळणारा) लावावा, असा सल्ला नवशिक्यांना सर्रास दिला जातो. तो इथे तंतोतंत पाळला तर मंद्र पंचमाखाली उतरणाऱ्या आलापांच्या मूळ स्वरांचा पायाच खचतो, आणि गायकाचा खर्ज बसलेला नाही असा समज ऐकणाऱ्याचा होतो. पियानोची पट्टी समोर असली की ही चूक डोळ्यांना दिसते. मी आता फिल्टर ६० हर्ट्झच्या खाली ठेवतो आणि त्याचा उतार सौम्यच ठेवतो. (तंबोऱ्यातून ऐकू येणारा गांधार पियानोच्या गांधारापेक्षा किंचित उतरलेला असतो हे खरे, पण बँडची रुंदी पाहता त्याने काही बिघडत नाही.)

दुसरी मोठी सोय म्हणजे डायनॅमिक बँड, म्हणजे आवाज वाढेल तेवढ्यापुरताच काम करणारा बँड. डग्ग्यावर घिस्सा मारला की नाद खालून वर सरकत जातो, त्यामुळे एका ठिकाणी कायमची केलेली काटछाट एखाद्या बोलावर योग्य ठरते आणि पुढच्या बोलावर डग्गा पोकळ करून टाकते. ९० हर्ट्झच्या आसपास एक रुंद बँड घेऊन त्याला चार डेसिबलपर्यंतच दाबण्याची मुभा दिली, तर घुमारा जास्त झाला तेवढ्याच क्षणी तो आवरला जातो आणि एरवी डग्गा तसाच राहतो. अशा बँडचा अटॅक आणि रिलीज (तो किती चटकन दाबायला लागतो आणि किती चटकन सोडतो) मात्र तिसऱ्या आवृत्तीत प्लग-इन स्वतःच ठरवतो. ठाय (संथ) लयीत ते उत्तम जमते; द्रुत त्रितालात दोन धांच्या मधली जागा मला किंचित बसकी वाटते.

ज्या सोयीची सर्वांत जास्त जाहिरात होते, तिच्याविषयी माझे मत प्रतिकूल आहे. दोन ट्रॅकवर हा इक्वलायझर लावला की एकाच्या आलेखात दुसऱ्याचा आलेख दिसू शकतो, आणि दोघे जिथे एकमेकांवर येतात तो भाग लाल होतो. गायक आणि संवादिनी यांच्या बाबतीत जवळजवळ सगळाच मधला पट्टा लाल होतो, आणि तो तसा होणारच, कारण गायकाच्या मागोमाग त्याच स्वरांवरून जाणे हेच तर संगतीचे काम आहे. सुरुवातीला मी तो लाल रंग पाहून संवादिनीतून ४०० ते ८०० हर्ट्झचा भाग कापत गेलो. मिक्स स्वच्छ झाला खरा, पण पेटी शेजारच्या खोलीत वाजते आहे असे वाटू लागले. त्यातच माझ्याकडे सगळे कलाकार एकाच खोलीत बसतात, त्यामुळे पेटीच्या मायक्रोफोनमध्ये गायकाचा आवाजही उतरलेला असतो आणि पेटीवर केलेली प्रत्येक काटछाट थोडीफार त्यालाही लागते. आता मी लाल रंगाकडे दुर्लक्ष करतो, हेडफोनचे चिन्ह दाबून एकेक बँड सुटा ऐकतो आणि जिथे शब्दांतली व्यंजने झाकली जातात तेवढीच जागा, साधारण २.५ किलोहर्ट्झच्या आसपास, पेटीतून दोन डेसिबलने उतरवतो. तंबोऱ्याच्या ट्रॅकला मात्र त्या भागात हात लावत नाही, कारण जवारीची (तारांच्या झणकाराची) चमक तिथेच असते.

लिनियर फेज (सर्व कंपनसंख्यांना सारखाच विलंब देणाऱ्या) पद्धतीने नाद जास्त शुद्ध राहतो हा समज तबल्यापुरता तरी सोडून द्यावा. त्या पद्धतीत आघाताच्या आधीच एक पुसट सावली उमटू शकते, आणि चाटीवरच्या (तबल्याच्या कडेवरच्या) ‘ना’ची धार तिने बोथट होते. तबल्यावर शून्य विलंबाची साधी पद्धतच बरी.

गेन स्केल हा सरकता दांडा फारसा कोणी वापरताना दिसत नाही, पण मी त्याचा ऋणी आहे. सगळ्या बँडांची चढउतार एकदम कमी-जास्त करणारा हा दांडा, रात्री केलेले काम सकाळी ऐकल्यावर, मी बहुतेक वेळा साठ टक्क्यांवर आणतो. सकाळच्या कानांना रात्रीचा उत्साह क्वचितच पटतो.

किंमत शंभराहून अधिक युरो आहे, आणि हौशी माणसाने ती द्यावीच असे मी म्हणणार नाही. चारच डायनॅमिक बँड पुरणार असतील तर टोकियो डॉन लॅब्जचा नोव्हा विनामूल्य मिळतो आणि डग्ग्याचे वर सांगितलेले काम तोही करतो. शिवाय त्यात अटॅक आणि रिलीज आपल्या हातात असतात. फॅबफिल्टरच्या चौथ्या आवृत्तीतही ते दोन्ही वापरणाऱ्याकडे सोपवले आहेत. तिची तीस दिवसांची चाचणी मी द्रुत लयीचे पुढचे ध्वनिमुद्रण हाती येईपर्यंत राखून ठेवली आहे.