एमजीबी तापतेय: रेडिएटर रीकोर, अ‍ॅल्युमिनियम की इलेक्ट्रिक फॅन?

एमजीबी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार (१९६२ ते १९८० मधली, व्ही-८ सोडून कुठलीही, इंजिन तेच १७९८ सीसीचं, ब्लॉक-हेड दोन्ही बिडाचं) घेतली आणि टेम्परेचरचा काटा वर जायला लागला की बेळगावात जो तो सल्ला द्यायला तयार, थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरला जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) काढून टाक की, मोठा रेडिएटर बसव, पुढं फॅन लाव. पैसे काढायच्या आधी एवढंच बघा, गाडी तापते कुठं. टिळकवाडीच्या रेल्वे गेटला मे महिन्यात उभी राहून तापते आणि जरा पळाली की काटा खाली येतो, तर हवा कमी पडायलीय, रेडिएटर बहुतेक ठीक आहे. पण निपाणी सोडून तवंदी घाट चढताना किंवा हायवेला ऐंशी-नव्वदला तापत असेल तर फॅन काय करणार, त्या स्पीडला हवा तशीही येतेच, तिथं रेडिएटर कमी पडतोय किंवा पाणी नीट फिरत नाही. इग्निशनचं टायमिंग मागं असलं किंवा मिक्श्चर लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) असलं तरी हेच होतं, आणि ई-२० (वीस टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलवर जुन्या सेटिंगचं एसयू कार्बोरेटर थोडं लीन होतंच, ते आधी बघून घ्या.

घाटात तापणाऱ्या गाडीला दोन रस्ते. मूळचा तांब्या-पितळेचा रेडिएटर रीकोर करायचा, म्हणजे वरखालच्या टाक्या जुन्याच आणि मधली जाळी नवीन, किंवा सरळ अ‍ॅल्युमिनियमचा घ्यायचा. तांबं उष्णता जास्त चांगली वाहून नेतं हे खरंच, पण त्यात ट्यूब आणि फिन यांच्यामध्ये डाग दिलेला असतो, तिथं अडतं, म्हणून रुंद ट्यूबचा चांगला अ‍ॅल्युमिनियम रेडिएटर वजनाला हलका असून कामाला कमी पडत नाही. तरी मी रीकोरच करीन. उद्या गळला तर गावातला कुठलाही रेडिएटरवाला डाग देऊन संध्याकाळी परत देतो, अ‍ॅल्युमिनियमला टिग वेल्डिंगवाला शोधा, आणि पातळ ट्यूब फाटली असली तर तोही हात वर करतो. शिवाय अ‍ॅल्युमिनियममध्ये बोअरचं पाणी घालून चालत नाही, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटरच, नाहीतर आतनं खातं.

आणि काहीही बसवा, आधी ब्लॉकचा ड्रेन टॅप उघडा. बऱ्याच वेळा थेंबही येत नाही, तार घालून टोचलं की लाल गाळ घळाघळा पडतो. तो तसाच ठेवून नवा रेडिएटर लावला तर थोड्या दिवसांत नव्या ट्यूबा चोंदल्याच म्हणायचं.

गेटला तापणाऱ्या गाडीला मात्र इलेक्ट्रिक फॅन, दुसरं काही नको. मूळचा पंखा इंजिनच्या बेल्टवर, म्हणजे आयडलला जेव्हा हवा पाहिजे तेव्हाच तो हळू फिरणार. नंतरच्या एमजीबीला कंपनीनंच इलेक्ट्रिक दिला. जागा असेल तर रेडिएटरच्या मागं, हवा ओढणारा लावा, पुढं लावलेला हायवेला हवेच्या वाटेतच उभा. रिले आणि फ्यूज पाहिजेच, स्विच ८२ अंशाच्या थर्मोस्टॅटला नव्वद अंशाच्या आसपास चालू होणारा. थर्मोस्टॅट काढून टाकू नका, त्यानं रेडिएटरची ताकद वाढत नाही, उलट सकाळी इंजिन गरमच होत नाही आणि झिजतं.

अडचण १९६७ आधीच्या गाडीची. तिला चार्जिंगला अल्टरनेटर नाही, जुना डायनॅमो, फार तर २२ अँपियर, तेही आयडलला नाही. पावसात चोर्ला घाटानं रात्री उतरताना हेडलाईट, वायपर आणि वर आठ-दहा अँपियरचा फॅन, बॅटरी बसलीच समजा. अशा गाडीला मी आधी अल्टरनेटर बसवीन, तोवर जुना पंखाच. वर त्या गाड्या पॉझिटिव्ह अर्थच्या, म्हणजे बॅटरीचा प्लस बॉडीला, नुसता रंग बघून वायर जोडली तर मोटर उलटी फिरते आणि फॅन गरम हवा पुढं फेकत बसतो, आवाजावरनं कळत पण नाही. ग्रिलसमोर कागद धरून बघा, आत ओढला गेला पाहिजे.