मदरबोर्ड बदलला आणि लायसन्स गेलं – सहा महिन्यांनंतरचा अनुभव

माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे, लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल असलं काम. त्यासाठी मराठी फॉन्ट आणि लेआउटचं एक सॉफ्टवेअर २०२१ पासून वापरतोय, नाव घेत नाही, उगाच कुणाशी वाकडं नको. लाइफटाइम लायसन्स म्हणून घेतलेलं, एका मशीनसाठी, बिल अजून फाइलला आहे.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि माझा प्रोसेसर आय-फाइव्ह चौथ्या जनरेशनचा, विंडोज ११ ला इंटेलचा असेल तर आठव्या किंवा त्यापुढच्या जनरेशनचा लागतो. म्हणजे मदरबोर्ड, प्रोसेसर आणि रॅमसुद्धा बदलणं आलं, कारण जुनी डीडीआर३ नव्या बोर्डात बसतच नाही. एसएसडी तीच ठेवली, म्हटलं फायली त्याच, सॉफ्टवेअर तेच, सगळं जसंच्या तसं उघडेल.

भीती विंडोजच्या लायसन्सची वाटत होती, ती दहा मिनिटांत सुटली. माझी लायसन्स-की रिटेलची (सुटी विकत घेतलेली) आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडलेली होती, विंडोजच्या ॲक्टिव्हेशन ट्रबलशूटरमध्ये जाऊन नुकतंच हार्डवेअर बदललंय हे निवडलं, झालं. (तयार पीसीबरोबर आलेलं ओईएम असतं तर ते जुन्या बोर्डाबरोबरच गेलं असतं.)

पण आमचं सॉफ्टवेअर उघडलं तर "हे लायसन्स या संगणकासाठी नाही" आणि खाली लांबलचक मशीन कोड. फोन लावला तर तिकडून विचारतात, जुन्या मशीनवर आधी डिॲक्टिव्हेट केलं होतं का सर, म्हणजे लायसन्स तिथून सोडवलं होतं का? अहो जुनं मशीन राहिलंय कुठे, बोर्ड एक्स्चेंजमध्ये देऊन बसलो! डिॲक्टिव्हेट करायला सॉफ्टवेअर उघडलं पाहिजे आणि ते उघडायला जुना बोर्ड पाहिजे, आता बोला.

नऊ दिवस गेले यात. बिल मेल केलं, स्क्रीनचा फोटो पाठवला, नव्या बोर्डाचं बिलही मागितलं. आणि वेळ कुठली तर तुळशीचं लग्न लागून पत्रिकांची रांग लागलेली. जुन्या पत्रिका दुसरीकडे उघडाव्या तर फॉन्ट युनिकोड (कुठल्याही संगणकावर तसाच दिसणारा) नाही, त्यामुळे "श्री गणेशाय नमः" च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि कंसांची खिचडी. शेवटी चार पत्रिका लिबरऑफिसमध्ये युनिकोडला पहिल्यापासून टाइप केल्या, एका ठिकाणी वराच्या मामांचं नाव राहिलं, ते बोलणं वेगळं खाल्लं.

दहाव्या दिवशी कोड आला, चालू झालं. डिसेंबरात परत बंद! यावेळी मात्र मी काहीच बदललं नव्हतं. दोनदा नवा कोड घेतला, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग लक्षात आलं की मशीन कोड बनताना नेटवर्क कार्डाचा ॲड्रेसही धरतात, आणि पुतण्याने वाय-फायच्या सेटिंगमध्ये रँडम हार्डवेअर ॲड्रेस चालू करून "रोज बदला" ठेवलेलं. म्हणजे सॉफ्टवेअरच्या दृष्टीने मी रोज सकाळी नवीन कॉम्प्युटर घेऊन बसत होतो. ते बंद केलं तेव्हापासून आजपर्यंत एकदाही त्रास नाही. ही गोष्ट सपोर्टवाल्यांनी सांगायला हवी होती, त्यांना स्वतःलाच माहीत नव्हती.

सॉफ्टवेअर म्हणाल तर मला अजून आवडतं. जोडाक्षरं नीट बसतात, पत्रिकेच्या बॉर्डर भरपूर, नव्या मशीनवर ऐंशी पानी अहवाल पटकन उघडतो. पाचपैकी तीन देईन, एक मार्क त्या नऊ दिवसांचा आणि एक लाइफटाइम हा शब्द बोर्डाच्या आयुष्याला लावल्याबद्दल.

घेणार असाल तर कॅबिनेटचा स्क्रू काढायच्या आधी डिॲक्टिव्हेट करा आणि मशीन कोड कागदावर लिहून ठेवा. लायसन्स नव्या मशीनवर नेण्याचे माझ्याकडचे ट्रान्सफर आता संपलेत म्हणे, पुढच्या वेळी चार्ज लागेल असं फोनवर सांगितलंय. किती ते मेलवर विचारलं, तीन आठवडे झाले, उत्तर नाही.